लॉकिंग ट्रेमोलोच्या गिटारच्या तारा कशा बदलायच्या? आणि बाराव्या फ्रेटवर सूर का बिघडतो?

फ्लॉइड रोज पद्धतीची घोडी असलेल्या गिटारची एक तार तुटली, की उरलेल्या पाचही तारा त्याच क्षणी चढ्या होतात. साध्या गिटारवर एक तार गेली तरी गाणं कसंबसं पूर्ण करता येतं. इथे ते जमत नाही. नागपुरात हिवाळ्यात व्हीएनआयटीच्या 'आरोही'सारख्या कॉलेज महोत्सवांचे दिवस आले, की अनेक बँड खुल्या मंचावर उतरतात. त्यातल्या ज्याच्या गळ्यात ही गिटार असते, त्याला हा धोका पत्करावाच लागतो. म्हणून तारा वेळेवर आणि नीट बदलणं या गिटारच्या बाबतीत टाळता येत नाही. पण बहुतेक जण ते टाळतात, कारण हे काम किचकट आहे असा तिचा लौकिक आहे.

काम वेळखाऊ आहे, यात शंका नाही. पहिल्यांदा करताना दीड-दोन तास लागतात. पण आत काय चाललंय हे एकदा कळलं, की त्यात अवघड असं फारसं उरत नाही.

ही घोडी मुळात आली कुठून?

गिटारच्या घोडीला दांडी जोडायची आणि ती दाबून सूर खाली-वर हलवायचा, ही कल्पना जुनी आहे. १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर अशी घोडी होती. कंपनीने तिला ट्रेमोलो म्हटलं. खरं तर ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं, आणि सूर हलणं म्हणजे व्हायब्रेटो. पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

अडचण अशी होती, की दांडी जोरात दाबून सोडली की तारा पुन्हा आपल्या जागी येत नसत. मानेच्या टोकाला असलेल्या नटच्या खाचेत तार घासायची, खुंटीवरचे वेढे सैल-घट्ट व्हायचे आणि सूर उतरायचा. फ्लॉइड रोज हा अमेरिकन गिटारवादक दागिने घडवण्याचं कामही करायचा. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने यावर सरळ उपाय काढला. घसरायला जागाच ठेवायची नाही, तार दोन्ही टोकांना शिकंज्यात पकडायची. १९७९ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. एडी व्हॅन हेलनने ही घोडी सुरुवातीच्या काळातच वापरली आणि पुढच्या दशकात रॉक-मेटल वाजवणाऱ्यांमध्ये तिची लाट आली.

सुरुवातीच्या घोड्यांवर फाइन ट्यूनर नव्हते. नट कुलूपबंद केल्यावर सूर किंचित सरकला तर सगळं उघडून पुन्हा लावावं लागायचं. मग घोडीवरच सहा छोटे स्क्रू आले. तंबोरा ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हे नवं वाटणार नाही. खुंटी पिळून तार साधारण सुरात आणायची आणि घोडीच्या मागचा मणी सरकवून ती नेमकी जुळवायची, हे मिरजेत तंबोरे घडवणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलंय. (मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) फाइन ट्यूनर म्हणजे त्या मण्याचाच लोखंडी चुलतभाऊ.

तराजू समजला की सगळं समजलं

ही घोडी गिटारच्या अंगावर घट्ट बसवलेली नसते. ती दोन खिळ्यांवर, चाकूच्या धारेसारख्या कडांनी टेकलेली असते. पुढून सहा तारा तिला मानेकडे ओढतात. मागच्या पोकळीत तीन ते पाच स्प्रिंगा असतात, त्या तिला उलट दिशेला ओढतात. दोन्ही ओढ समान झाली की घोडी मधोमध तरंगते.

ही ओढ किती असते? ९-४२ जाडीच्या तारांचा संच नेहमीच्या सुरात लावला, तर सहा तारांचा मिळून ताण सुमारे ३८ किलो भरतो. १०-४६ चा संच लावला तर तो सुमारे ४७ किलोंवर जातो. म्हणजे जाडी बदलली आणि मागच्या स्प्रिंगा तशाच ठेवल्या, तर नऊ किलोंचा फरक घोडीलाच सोसावा लागतो. ती पुढे झुकते, तारा फ्रेटबोर्डपासून वर उचलल्या जातात आणि 'गिटार बिघडली' असं वाटू लागतं. बिघडलेलं काहीच नसतं, तराजू एका बाजूला कलंडलेला असतो.

एक तार तुटली की बाकीच्या का चढतात, तेही यातूनच कळतं. पुढची ओढ कमी होते, स्प्रिंगा घोडी मागे खेचतात आणि उरलेल्या तारा ताणल्या जातात. उलट, एक तार चढवली की बाकीच्या किंचित उतरतात. म्हणूनच या गिटारला सूर लावताना सहा तारांवरून एकदा फिरून भागत नाही, पाच-सहा फेऱ्या होतात.

सुरुवात करण्याआधी

३ मिलिमीटरची ॲलन की हवी. नटचे शिकंजे आणि घोडीवरचे तार पकडणारे लांब स्क्रू बहुतेक गिटारवर याच मापाचे असतात. सॅडल सरकवण्याच्या स्क्रूला मात्र बारीक की लागते, घोडीच्या बनावटीप्रमाणे २ किंवा अडीच मिलिमीटरची. बर्डीत किंवा इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात की घेताना माप मिलिमीटरमध्येच मागा. इंचाच्या संचातली जवळपासच्या मापाची की बसल्यासारखी वाटते आणि जोर लावला की स्क्रूचं षटकोनी तोंड गोल करून टाकते. तसा गोल झालेला स्क्रू काढणं हे या सगळ्या प्रकारातलं सर्वात वाईट काम आहे.

याशिवाय तार कापायचं कटर, मागच्या स्प्रिंगांसाठी चौफुलीचा मोठा स्क्रू ड्रायव्हर, जुनं सुती कापड आणि ट्यूनर लागतो. मोबाइलवरचं ट्यूनर ॲप चालतं, पण पंख्या-कूलरच्या आवाजात ते गोंधळतं. मानेला चिमट्याने लावायचा ट्यूनर कंपनावर चालतो, त्यामुळे इथे तो जास्त कामाचा.

तारा उतरवणं आणि चढवणं

सगळ्यात आधी सहाही फाइन ट्यूनर त्यांच्या फेऱ्यांच्या मधोमध आणून ठेवा. हे विसरलं तर शेवटी सूर जुळवताना स्क्रू एका टोकाला जाऊन अडकतो आणि अख्खं काम पुन्हा करावं लागतं.

आता दोन मार्ग आहेत. एक-एक तार बदलत गेलात तर तराजू फारसा हलत नाही. तारांची जाडी तीच असेल तर हाच मार्ग बरा. पण फ्रेटबोर्ड पुसायचा असेल, घोडी साफ करायची असेल किंवा जाडी बदलायची असेल, तर सगळ्या तारा एकदम काढाव्या लागतात. तेव्हा घोडीच्या मागच्या टोकाखाली आधार द्या, नाहीतर तारा सैल होताच ती स्प्रिंगांच्या ओढीने आत बुडते. लाकडाची पट्टी, जुनी एटीएम कार्डं एकावर एक ठेवून केलेली थप्पी, कापडात गुंडाळलेली ९ व्होल्टची बॅटरी, काहीही चालतं. जाडी एवढीच ठेवा की घोडी गिटारच्या पृष्ठभागाला समांतर राहील.

नटवर तीन शिकंजे असतात, प्रत्येकाखाली दोन तारा. ते सैल करा, खुंट्या उतरवून तारा ढिल्या करा आणि मग घोडीच्या मागच्या बाजूचे लांब स्क्रू सैल करा. पूर्ण काढू नका. आत एक छोटा चौकोनी ठोकळा असतो, तोच तार दाबून धरतो. स्क्रू फार सैल झाला की तो निसटून खाली पडतो, आणि फरशीवर तो शोधताना संध्याकाळ जाते. तारा ताणलेल्या असताना कधीही कापू नका. तुटलेलं टोक डोळ्यापर्यंत उसळू शकतं.

नव्या तारेच्या टोकाला पितळेची गोळी असते. या घोडीत तिला जागा नाही, त्यामुळे गोळी आणि तिच्याजवळचा पिळलेला भाग कापून टाकायचा. काही वादक उलटा विचार करतात. गोळी खुंटीकडे ठेवतात आणि मोकळं टोक घोडीत घालतात, म्हणजे कापाकापी कमी. दोन्ही पद्धती चालतात. एकच काळजी घ्या. जाड, वेटोळ्यांच्या तारा कापण्याआधी कापायच्या जागेच्या शेजारी काटकोनात वाकवून घ्या, म्हणजे वरची वेटोळी सुटत नाहीत.

कापलेलं टोक सॅडलमध्ये तळापर्यंत सरळ जाऊ द्या आणि स्क्रू घट्ट करा. किती घट्ट? तार निसटणार नाही इतका, आणि की हाताला कचकन अडली की थांबा. इथे ताकद दाखवणारे आतला ठोकळा फोडतात.

दुसरं टोक नटवरून, नटच्या मागे तारा दाबून धरणारी आडवी पट्टी असेल तर तिच्या खालून, खुंटीवर घ्या आणि दोन-तीन वेढे द्या. जाणकार वादक इथे दोन-चार इंच तार जास्त गुंडाळून ठेवतात. तार बहुतेक वेळा घोडीच्या तोंडाशी तुटते. तशी तुटली तर नट उघडून, ती जास्तीची तार पुढे ओढून पुन्हा घोडीत पकडता येते. दुकानं बंद झाल्यावर, मंचामागे अंधारात, ही युक्ती फार कामी येते.

सूर लावा, ओढा, पुन्हा लावा

नट अजून उघडाच ठेवा. खुंट्यांनी सगळ्या तारा सुरात आणा, मग प्रत्येक तार बोटांनी फ्रेटबोर्डपासून हलकेच वर ओढा. नवी तार उतरेल. पुन्हा लावा, पुन्हा ओढा. ओढूनही ती उतरेनाशी झाली की ती बसली असं समजायचं. बहुतेकांची 'सूरच टिकत नाही' ही तक्रार हा भाग उरकल्यामुळे येते. घोडीचा दोष क्वचितच असतो.

आता तराजू तपासा. तारा सुरात असताना घोडीखालचा आधार अलगद निघाला आणि घोडी जागची हलली नाही, तर काम झालं. आधार घट्ट अडकला असेल तर स्प्रिंगांची ओढ जास्त आहे. घोडी वर उचलली जाऊन आधार आपोआप सुटला असेल तर ओढ कमी आहे. गिटारच्या मागचं झाकण उघडा. आत स्प्रिंगा अडकवलेली एक पट्टी आणि तिला दोन लांब स्क्रू दिसतील. ओढ वाढवायची असेल तर ते घट्ट करा, कमी करायची असेल तर सैल. एका वेळी अर्धाच फेरा, मग पुन्हा सूर, मग पुन्हा नजर. हे कंटाळवाणं आहे. घाईने चार फेरे दिलेत तर आणखी कंटाळवाणं होतं.

तारांची उंची बदलायची असेल तर घोडीच्या दोन खिळ्यांनी बदलते, पण आधी तारा ढिल्या करा. ताणाखाली खिळा फिरवला की घोडीची धार घासली जाते. ती बोथट झाली की दांडी सोडल्यावर घोडी नेमक्या जागी परतत नाही. स्वस्त गिटारवरच्या घोड्यांचं पोलाद मऊ असतं आणि तिथे हे लवकर होतं.

इंटोनेशन म्हणजे काय?

मोकळी तार ट्यूनरवर अगदी बरोबर दाखवते, पण वरच्या फ्रेटवर वाजवलेला कॉर्ड कणसूर लागतो. अशी तक्रार असेल तर इंटोनेशन बिघडलंय.

तंबोऱ्यात हा प्रश्नच नाही, त्याच्या तारा मोकळ्याच वाजतात. सतारीत पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, वादक ते सरकवून सूर साधतो. गिटारचे फ्रेट लाकडात कायमचे ठोकलेले. पडदा सरकत नाही, म्हणून घोडी सरकवायची. इंटोनेशन म्हणजे एवढंच.

पण ते बिघडतं का? ६४८ मिलिमीटर लांबीच्या गिटारवर बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ३२४ मिलिमीटरवर असतो. हिशेबाने तिथे दाबलेल्या तारेचा सूर मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकातला यायला हवा. प्रत्यक्षात तार फ्रेटवर दाबताना ती थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. तारेच्या ताठरपणामुळेही त्यात भर पडते. हा चढ मोडायला तार हिशेबापेक्षा किंचित लांब ठेवावी लागते. जाड तारेला जास्त, बारीक तारेला कमी. म्हणून नीट लावलेल्या घोडीकडे वरून पाहिलं तर सॅडल एका रेषेत दिसत नाहीत. सहावी सर्वात मागे, पाचवी-चौथी क्रमाने पुढे, वेटोळी नसलेली तिसरी पुन्हा मागे आणि दुसरी-पहिली पुढे, अशी पायऱ्यांची रांग दिसते.

तपासायची रीत सोपी आहे. गिटार वाजवताना धरतो तशीच धरा, टेबलावर आडवी ठेवू नका. बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक छेडा आणि तो ट्यूनरवर शून्यावर आणा. मग त्याच फ्रेटवर तार नेहमीच्या दाबाने दाबून छेडा. दाबलेला सूर चढा दाखवत असेल तर सॅडल मानेपासून दूर, मागे न्यायचं. उतरलेला असेल तर मानेकडे, पुढे.

किती न्यायचं याचा अंदाज गणितातून काढता येतो. ६४८ मिलिमीटरच्या गिटारवर सॅडल १ मिलिमीटर सरकवलं, की या दोन सुरांमधला फरक साधारण पावणेतीन सेंटने बदलतो. (१०० सेंट म्हणजे एका फ्रेटचं अंतर.) ट्यूनर ८ सेंट चढा दाखवत असेल तर सॅडल सुमारे ३ मिलिमीटर मागे. हा आकडा लक्षात असला तर अंधारात चाचपडण्याच्या दहा फेऱ्या दोनवर येतात.

साध्या गिटारवर सॅडल स्क्रूने पुढे-मागे होतं. फ्लॉइड रोजमध्ये तसं नाही. इथला स्क्रू सॅडलला फक्त जागेवर दाबून धरतो, सरकवायचं हाताने. म्हणून नट उघडा ठेवून आधी ती तार ढिली करायची, मग सॅडलच्या पुढचा स्क्रू सैल करायचा, सॅडल सरकवायचं, स्क्रू घट्ट करायचा, तार पुन्हा सुरात आणायची आणि पुन्हा तपासायचं. तार ताणलेली असताना स्क्रू सैल केला तर सॅडल झटकन मानेकडे धावतं आणि तुमची आधीची खूण गेली. आधी पेन्सिलीने खूण करून ठेवणं किंवा मोबाइलवर फोटो काढणं शहाणपणाचं. सॅडल हवं तितकं मागे जात नसेल तर घोडीच्या पायथ्याला स्क्रूसाठी आणखी एखादं भोक असतं, ते वापरा.

दोन सेंटांच्या आत फरक आला की पुरे. त्याहून बारीक फरक बोटाच्या दाबानेच पडतो. आणि हे सगळं नव्या तारांवरच करायचं. घाम आणि गंज चढलेल्या जुन्या तारेची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, तिच्यावर केलेलं इंटोनेशन पुढच्या तारेला लागू पडत नाही.

सगळं जुळलं की नटचे तीन शिकंजे घट्ट करा. ते दाबताना सूर थोडा चढेल, तो फाइन ट्यूनरने उतरवून घ्या. फार चढत असेल तर नटमागची आडवी पट्टी थोडी खाली घेतल्याने फरक पडतो.

नागपूरच्या हवेचं काय?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, ४७ च्याही वर गेलेला आहे. पुढच्या महिन्यात पाऊस सुरू होतो आणि कोरडी हवा एकदम दमट होते. लाकूड ओलावा शोषतं, मान किंचित वाकते, तारांची उंची बदलते आणि तिच्यासोबत इंटोनेशनही. म्हणून इथे वर्षातून किमान दोनदा, पावसाळा स्थिरावल्यावर आणि थंडी सुरू झाल्यावर, बारावा फ्रेट तपासावा. मानेचा वाक जास्त वाटत असेल तर आधी तो जाणकाराकडून सरळ करून घ्या. वाकलेल्या मानेवर इंटोनेशन लावण्यात अर्थ नाही.

इथला खास शत्रू मात्र कूलर आहे. एप्रिल लागला की घरोघरी खस बदलून कूलर सुरू होतात आणि गिटारचा स्टँड नेमका त्याच्या झोतात असतो. पाण्याने भरलेली ती हवा रात्रभर तारांवर, स्क्रूंवर आणि स्प्रिंगांवर बसते. पावसाळ्यापर्यंत सॅडलचे स्क्रू गंजून जाम होतात. गिटार खोलीच्या दुसऱ्या टोकाला, केसमध्ये ठेवा. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या कापडाने पुसा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी घोडीच्या दोन धारांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब सोडा. फुटाळ्यावर उन्हात लावलेल्या गाडीत गिटार ठेवणं तर नकोच.

मंचावरचं गणित वेगळं. तार लाकडापेक्षा लवकर तापते आणि लवकर थंड होते. कार्यक्रम थंडीतल्या उघड्या मैदानावर असेल तर हॉटेलच्या उबदार खोलीत लावलेला सूर तिथे चढतो, दिव्यांच्या झळीत उतरतो. नट बंद असल्यामुळे दुरुस्तीला फक्त फाइन ट्यूनरची मर्यादा हातात असते. गिटार अर्धा तास आधी मंचाच्या हवेत राहू द्या, नट तिथेच बंद करा. ३ मिलिमीटरची की खिशात ठेवा आणि गोळी आधीच कापलेल्या दोन-तीन बारीक तारा केसमध्ये.

नुकतं शिकायला लागलेल्याने ही गिटार घ्यावी का? घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सूर ओळखायला कान तयार होत असतानाच्या वर्षात सरावापेक्षा दुरुस्तीत जास्त वेळ जातो. आधीच घरात आली असेल आणि दांडी फारशी वापरत नसाल, तर मागच्या पोकळीत घोडीच्या ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे नेमक्या मापाचे तुकडे बसवून ती पक्की करता येते. मग एक तार तुटली तरी बाकीच्या पाच जागच्या जागी राहतात. पुढे कधी हवं वाटलं, तर तुकडे काढून घोडी पुन्हा मोकळी करता येते.